बिल्डिंगखालच्या बोक्याशी झुंज झाली: काळजी फेल्वची की एफआयव्हीची?

दार उघडं दिसलं की घरातली मांजर जिन्यात सटकते आणि बिल्डिंगखालच्या बोक्याशी दोन हात करून येते. दुसऱ्याच दिवशी तिला फेल्व आणि एफआयव्ही या दोन विषाणूंच्या टेस्टला नेतात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि घरचे निर्धास्त होतात. पण त्या रिपोर्टवरून फक्त झुंजीआधी ती कशी होती एवढंच कळतं. झुंजीतून काही लागलं का, हे इतक्या लवकर कळत नाही.

एकाच किटवर दोन्ही विषाणूंची टेस्ट होते, म्हणून दोन्ही एकच समजले जातात. फेल्व म्हणजे मांजरांच्या ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा) विषाणू, 1964 साली ग्लासगोत सापडलेला. एफआयव्ही, म्हणजे मांजरांच्या प्रतिकारशक्तीवर घाला घालणारा विषाणू, सापडला 1986 साली कॅलिफोर्नियात. प्रतिकारशक्ती दोन्हींमुळे खालावते. पण पसरण्याची रीत निराळी.

एफआयव्ही लाळेत असतो, तरी तो मुख्यतः खोल चाव्यातूनच शिरतो. एका ताटलीत खाल्ल्याने तो लागण्याची शक्यता फारच कमी. म्हणून तो जास्त करून नसबंदी न झालेल्या, भांडखोर बोक्यांत सापडतो. फेल्व मात्र सलगीतून पसरतो: एकमेकांना चाटणं, एकाच भांड्यातलं खाणंपिणं, आईचं दूध, शिवाय चावा आहेच. रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू घरातल्या मांजरीत सोडायचं असेल, तर आधी फेल्वची टेस्ट करा.

खरा घोळ टेस्टचा अर्थ लावताना होतो. फेल्वसाठी किट रक्तात विषाणूचंच प्रथिन शोधतं, ते साधारण 30 दिवसांत दिसतं. एफआयव्हीसाठी ते शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधतं, आणि त्यांना 60 दिवसांपर्यंत लागू शकतात. झुंजीनंतर एकदाच टेस्ट परवडणार असेल, तर 60 दिवस थांबून केलेली बरी. सहा महिन्यांखालचं पिल्लू एफआयव्ही पॉझिटिव्ह आलं, तर त्या अँटिबॉडी आईकडून आलेल्या असू शकतात. सहा महिने झाल्यावर पुन्हा तपासा. फेल्वमध्ये आईच्या अँटिबॉडींचा असा गोंधळ होत नाही, पण काही मांजरी विषाणू दाबून टाकतात, म्हणून पॉझिटिव्ह आल्यास पीसीआरने (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या टेस्टने) खात्री करून घ्या. एका किटच्या रेघेवर मांजरीला कायमचं झोपवण्याचा निर्णय कृपा करून घेऊ नका. एफआयव्ही असलेल्या मांजरी नीट सांभाळल्या तर बरीच वर्षं छान जगतात. फेल्व शरीरात ठाण मांडून बसला तर मात्र बहुतेक मांजरी तीनेक वर्षांत दगावतात.

विषाणूच्या आधी चाव्याकडे बघा. मान, पुढचे पाय, शेपटीचं मूळ इथले केस बाजूला सारून बारीक भोकं शोधा. वरची कातडी पटकन मिटते आणि आत पू साचतो. दोन ते चार दिवसांत गाठ येते, अंग तापतं, खाणं सुटतं. सलाईनने जखम धुऊन डॉक्टरांकडे न्या आणि रेबीजच्या बूस्टरचंही विचारा. डेटॉल लावू नका, ते मांजरांना विषारी आहे. तापासाठी क्रोसिन तर अजिबात नको; एक गोळीही जिवावर बेतू शकते.

रिपोर्ट येईपर्यंत तिला वेगळ्या खोलीत ठेवा. वन रूम किचनमध्ये ते जमत नसेल, तर निदान भांडी आणि लिटर ट्रे वेगळे करा आणि एकमेकींना चाटू देऊ नका. फरशी फिनाईलने पुसायची गरज नाही, तेही मांजरांना बाधतं. हे दोन्ही विषाणू बाहेर फार काळ टिकत नाहीत, साबणाचं पाणी पुरतं. माणसांना किंवा कुत्र्यांना ते लागत नाहीत.

नेहमीच्या ट्रायकॅट लशीत या दोहोंपैकी एकही नाही. ती पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा एक जीवघेणा संसर्ग) आणि मांजरांच्या सर्दीच्या दोन विषाणूंसाठी असते. म्हणून ‘लस झालीय’ एवढंच सांगू नका. झुंज कोणत्या तारखेला झाली आणि चावा कुठे दिसला, तेही डॉक्टरांना सांगा.