कंट्री पार्कमधलं श्रमदान: ससे, मोटारी आणि डॉक्टरांची चिठ्ठी

इंग्लंडच्या कंट्री पार्कमध्ये, म्हणजे शहराजवळ लोकांना फिरायला राखलेल्या मोकळ्या जागांमध्ये, चालणाऱ्या श्रमदानाचा इतिहास सांगायचा तर सशांपासून सुरुवात करावी लागते.

1953 साली मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये पोहोचला आणि दोन-तीन वर्षांत तिथले बहुतेक ससे मेले. पिकांची नासाडी थांबली म्हणून शेतकऱ्यांना हायसं वाटलं. दक्षिणेकडच्या खडूच्या टेकड्यांवर मात्र वेगळंच घडत होतं. मेंढ्या आणि ससे चरत असल्यामुळे तिथलं गवत शतकानुशतकं आखूड राहिलं होतं आणि त्या आखूड गवतातच रानफुलांचे असंख्य प्रकार टिकून होते. मेंढ्या आधीच कमी झाल्या होत्या, आता ससेही गेले. गवत माजलं आणि मागोमाग डॉगवुडची झुडपं चढली.

हे वरवर किरकोळ वाटतं, पण लार्ज ब्लू या फुलपाखराचं काय झालं ते पाहा. त्याची अळी एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्यांच्या वारुळात वाढते. त्या मुंग्यांना उन्हाने तापलेली जमीन लागते. गवत चार बोटं वाढलं तरी जमीन थंड पडते आणि मुंग्या नाहीशा होतात. 1979 मध्ये हे फुलपाखरू ब्रिटनमधून संपलं. पुढे ते स्वीडनमधून आणून पुन्हा वसवावं लागलं. कुंपण घालून निसर्गाला त्याच्या नशिबावर सोडणं म्हणजे संरक्षण, हा समज निदान या टेकड्यांवर टिकला नाही. माणसाच्या आणि जनावरांच्या वावरातून घडलेली ती भूमी होती. हात लागला नाही तर ती मोडणार होती.

1959 च्या मार्चमध्ये सरे परगण्यातल्या बॉक्स हिलवर चाळीसएक स्वयंसेवक डॉगवुड तोडायला जमले. ‘कॉन्झर्वेशन कोअर’ या नव्या पथकाचं हे पहिलं काम. पुढे टीव्हीवरून घराघरांत पोहोचलेले वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड बेलामी त्यांच्यात होते. हे पथक म्हणजेच आजची ‘द कॉन्झर्वेशन व्हॉलंटियर्स’ ही संस्था.

झुडपं तोडणं हे अंगमेहनतीचं आणि चिकाटीचं काम. डॉगवुड बुंध्यातून पुन्हा फुटतो, म्हणून त्याच जागी वर्षानुवर्षं परत यावं लागतं. कापलेलं गवत दाताळ्याने ओढून बाहेर काढावं लागतं; ते तिथेच कुजलं तर माती सकस होते आणि सकस मातीत दांडगं गवत रानफुलांना दाबून टाकतं. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, साधारण मार्च ते ऑगस्ट, झुडपांना हात लावत नाहीत. खरं काम हिवाळ्यात, चिखलात आणि गारठ्यात. या माणसांना मी मनापासून मानतो, ते यासाठी.

कंट्री पार्क मात्र दुसऱ्याच कारणाने जन्मले. ब्रिटनमध्ये 1950 साली सुमारे 20 लाख खासगी मोटारी होत्या. 1970 पर्यंत त्या 1 कोटीच्या आसपास पोहोचल्या. रविवारी शहरंच्या शहरं गावाकडे निघायची. 1949 च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांची सोय झाली होती, पण ती बहुधा लांब आणि डोंगराळ. गर्दी तिथे, किंवा कुणाच्या शेतात शिरण्यापेक्षा शहराजवळच तिची सोय करावी, हा विचार 1966 च्या सरकारी श्वेतपत्रिकेत आला आणि 1968 च्या कंट्रीसाइड कायद्याने स्थानिक परिषदांना कंट्री पार्क उभारायचा अधिकार दिला. वाहनतळ, स्वच्छतागृह, आखलेल्या पायवाटा, राखणीला रेंजर असं त्याचं रूप. जागा बहुतेक वापरून टाकलेल्या: आयर्चेस्टरला लोहखनिजाची जुनी खाण, विरलमध्ये 1962 साली पूर्ण बंद पडलेला रेल्वेमार्ग, एल्व्हॅस्टनला जुन्या वाड्याची बाग. पुढे खुद्द बॉक्स हिललाही कंट्री पार्कचा दर्जा मिळाला. आज इंग्लंडमध्ये असे सुमारे 400 पार्क आहेत. गर्दीसाठी घेतलेल्या या जागांमध्येही तळी, कुरणं, झाडोरा होताच आणि तो राखायला एकटादुकटा रेंजर पुरत नव्हता. स्वयंसेवक आले ते त्याच्या हाताखाली.

आरोग्याचा धागा सगळ्यांत उशिरा जोडला गेला. ऑक्सफर्डशायरमधल्या सॉनिंग कॉमन गावचे डॉक्टर विल्यम बर्ड यांच्या लक्षात आलं की व्यायाम करा असं सांगितलेले रुग्ण जिमकडे फिरकत नाहीत, किंवा लवकरच कंटाळतात. 1998 च्या सुमारास त्यांनी स्वयंसेवकांच्या त्याच संस्थेला बरोबर घेऊन ‘ग्रीन जिम’ सुरू केली. आधी अंग मोकळं करायचं, मग खोदकाम, तोडणी, लावणी; मधे चहा; शेवटी पुन्हा स्नायू सैल करायचे. मला यातला चहा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर ज्याच्याशी दिवसभर कुणी बोलत नाही, त्याला हातात काम आणि शेजारी माणूस, दोन्ही तिथे मिळतात. शिवाय आपण कुणाचे रुग्ण म्हणून नाही, तर एका कामाचे म्हणून आलो आहोत, हे मनाला उभारी देतं.

सरकारी आरोग्यसेवेने 2019 नंतर डॉक्टरांच्या दवाखान्यांना जोडून ‘लिंक वर्कर’ नेमायला वेग दिला. एकाकीपणा, नैराश्य किंवा चिंतेने त्रासलेल्या माणसाशी बोलून त्याला बागकामाच्या, चालण्याच्या, श्रमदानाच्या गटाशी जोडून देणं हे त्यांचं काम. 2021 मध्ये सात भागांत खास निसर्गाशी जोडलेल्या अशा उपक्रमांची चाचणी सुरू झाली.

इथेच 1968 च्या कायद्यातली एक मेख आडवी येते. त्याने परिषदांना पार्क उभारायचा अधिकार दिला, पण बंधन घातलं नाही. वृद्धांची आणि मुलांची देखभाल टाळता येत नाही, पार्कवरचा खर्च टाळता येतो. 2010 नंतर केंद्राचं अनुदान आटलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी कात्री पार्कवर चालली. मग स्वयंसेवक आहेतच की, असं म्हणायची सोय झाली. मला हे घातक वाटतं. कोणतं झुडूप तोडायचं आणि कोणतं राखायचं, करवत कुणाच्या हाती द्यायची, पहिल्यांदाच आलेल्या बुजऱ्या माणसाला कुणासोबत उभं करायचं, हे ठरवणारा अनुभवी, पगारी माणूस नसेल तर गट विस्कटतो आणि कुरणही. लिंक वर्करचा पगार आरोग्यसेवेतून निघतो. तो ज्या पार्कमध्ये माणूस पाठवतो, तिथल्या रेंजरचा पगार मात्र बहुतेक ठिकाणी परिषदेच्या अंदाजपत्रकातून येतो, आणि दर वर्षी त्या ओळीवर नव्याने चर्चा होते.