जलअस्वलांच्या नोंदी आणि मराठवाडा : मागचा इतिहास

काळ्या मसाल्यासाठी आणलेले दगडफूल रात्रभर पाण्यात भिजवून ठेवले आणि सकाळी तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात जलअस्वल, म्हणजे आठ पायांचा एक सूक्ष्म प्राणी, मिळू शकते. पण ती मराठवाड्यातली नोंद होत नाही. दगडफूल लातूरच्या दुकानातून घेतले असले तरी ते लातूरच्या झाडावर वाढलेले नसते. ते हिमालयाच्या उतारावरून येते किंवा दक्षिणेतल्या डोंगरांतून, आणि पुडीवर जंगलाचे नाव कोणी लिहीत नाही. अशा वेळी प्राणी हातात असतो, त्याची ओळखही कदाचित पटते, पण तो राहत कुठे होता ते कायमचे हरवलेले असते.

जलअस्वलांच्या नोंदींचा अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ठिकाण हरवणे आणि नाव निसटणे या दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा घडलेल्या दिसतात. मराठवाड्यात दोन्ही घडल्या आहेत.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १७७३ मध्ये एका जर्मन पाद्र्याने या प्राण्याला ‘पाण्यातले छोटे अस्वल’ म्हटले. तीन वर्षांनी एका इटालियन अभ्यासकाने त्याच्या चालीवरून त्याला ‘मंद पावलांचा’ असे नाव दिले आणि त्यातूनच टार्डिग्रेडा हे संघाचे नाव आले. १८३४ मध्ये मॅक्रोबायोटस हुफेलँडी आणि १८४० मध्ये मिल्नेसियम टार्डिग्रेडम या दोन जलअस्वलांची वर्णने छापली गेली. त्या काळच्या भिंगांतून जेवढे दिसले तेवढेच त्या वर्णनांत आले. भारतापुरते बोलायचे तर १९०७ मध्ये सिक्कीम हिमालयातल्या जलअस्वलांवर एक निबंध निघाला. पुढच्या काळात देशाच्या अंतर्भागातून आलेल्या नोंदी तुरळकच राहिल्या आणि मराठवाड्याचा त्यातला वाटा नगण्य.

या सगळ्या काळात काम करायची रीत एकच होती. युरोपात लिहिलेले वर्णन समोर ठेवायचे आणि चार ठळक खुणा जुळल्या की तेच नाव द्यायचे. त्यामुळे पॅरिसच्या भिंतीवरचा, सिक्कीमच्या कड्यावरचा आणि दख्खनच्या दगडावरचा प्राणी एकाच नावाखाली गोळा झाला. मग ‘ही जाती जगभर आढळते’ हे वाक्य पुस्तकांत पक्के झाले.

पुढे जाण्यापूर्वी मराठीतला एक गुंता सोडवायला हवा, कारण इथल्या कित्येक नोंदी त्यातच अडकतात. शालेय पाठ्यपुस्तकांच्या परिभाषेत ‘प्रजाती’ म्हणजे नावाचा पहिला भाग, मिल्नेसियम. ‘जाती’ म्हणजे पूर्ण जोडनाव, मिल्नेसियम टार्डिग्रेडम. वर्तमानपत्रांत मात्र ‘नवी प्रजाती सापडली’ असे छापतात तेव्हा त्यांना जाती म्हणायचे असते. महाविद्यालयीन प्रकल्पांत दोन्ही वापर शेजारी शेजारी सापडतात. ‘आमच्या परिसरात मिल्नेसियमची प्रजाती आढळली’ हे वाक्य वाचून लिहिणाऱ्याने प्राणी कुठल्या पातळीपर्यंत ओळखला ते कळत नाही. वाघ किंवा माळढोक असता तर बिघडले नसते, कारण तिथे गैरसमज व्हायला जागाच नाही. जलअस्वलांच्या बाबतीत मात्र सगळे भांडण याच दोन पातळ्यांमधल्या अंतराचे आहे. इथे मी पाठ्यपुस्तकातला अर्थ धरला आहे.

आता २०१२ चा निर्णय. त्या वर्षी मिल्नेसियम टार्डिग्रेडमचे वर्णन नव्याने लिहिले गेले. जर्मनीतल्या नमुन्यांतून या नावाचा नवा प्रमाण नमुना ठरवला गेला आणि नाव त्याला बांधले गेले. त्वचा गुळगुळीत, नख्यांच्या दुय्यम फांद्यांवर ठराविक क्रमाने दोन किंवा तीन टोके, मुखनलिकेची अमुक मापे: यांत बसेल तोच मिल्नेसियम टार्डिग्रेडम, बाकीचे वेगळे. एका बाजूचे म्हणणे असे की नाव कशाला तरी घट्ट बांधल्याशिवाय त्याला अर्थ नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की पावणेदोनशे वर्षे व्यापक अर्थाने रुळलेले नाव एका ठिकाणच्या नमुन्यापुरते आवळले, तर जुने सगळे साहित्य एका दिवसात संशयास्पद होते.

निर्णय बरोबर होता असे माझे मत आहे. त्याची किंमत मात्र सगळ्यांना सारखी पडली नाही. युरोपात प्राणी बसवलेल्या जुन्या काचपट्ट्या संग्रहांत होत्या. त्याच बागेत, त्याच भिंतीशी परत जाऊन नवा नमुना आणता येत होता. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उरले होते ते फक्त छापलेले नाव. २००० साली महाराष्ट्रातून मिल्नेसियम टार्डिग्रेडम या नावाने नोंद छापली गेली होती. त्या वेळच्या वर्णनाप्रमाणे ती चूक नव्हती. पण २०१२ नंतर तिचा अर्थ ‘मिल्नेसियम, जाती पुन्हा तपासावी’ एवढाच उरला. ती नोंद आजच्या अर्थाने वाचायची तर काचपट्टी पुन्हा भिंगाखाली घ्यावी लागते, दुसरा रस्ता नाही. काचपट्ट्या टिकवण्याची व्यवस्था नसलेल्या महाविद्यालयांत याच नावाने केलेले किती प्रकल्प असे निराधार झाले असतील, या विचाराने वाईट वाटते.

मिल्नेसियम या प्रजातीत ओळख पटवण्याच्या अडचणी जास्त आहेत. मॅक्रोबायोटसची अंडी मोकळी पडतात आणि त्यांच्या कवचावर शंकू, चकत्या, जाळी अशी नक्षी असते; कित्येकदा प्राण्यापेक्षा अंडेच जास्त सांगते. मिल्नेसियमची मादी टाकलेल्या कातेत गुळगुळीत अंडी घालते, त्यांवरून काहीच ठरत नाही. मग राहतात नख्या. पुढे २०१६ मध्ये हेही दिसून आले की नख्यांच्या टोकांची मांडणी वयाबरोबर बदलू शकते. म्हणजे एकच पिल्लू सापडले आणि त्यावरून नाव दिले, तर ते नाव वाढ झालेल्या प्राण्याला लागू पडेलच असे नाही. म्हणून आज निदान काही प्रौढ प्राणी, मुखनलिकेच्या लांबीशी काढलेली मापांची गुणोत्तरे आणि जमल्यास जनुकीय क्रम, इतके मागितले जाते. विद्यार्थ्याला हे जाचक वाटते खरे. पण यातले काहीही सोडले की पुढच्या फेरबदलात नोंद टिकत नाही.

प्रयोगशाळांनाही हा फटका बसला. इंग्लंडमधून आलेला आणि हिप्सिबियस डुजार्डिनी म्हणून जगभर वाढवला जाणारा वाण (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला एक वंश) २०१८ मध्ये वेगळी जाती ठरला, हिप्सिबियस एक्झेम्प्लारिस. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या मिल्नेसियमच्या एका वाणालाही २०१९ मध्ये मिल्नेसियम इन्सेप्टम हे स्वतंत्र नाव मिळाले. पण ते वाण जिवंत होते, त्यामुळे जुने निबंध वाचताना नुसते नाव बदलून घेता आले. परभणीच्या भिंतीवरून खरवडलेल्या शेवाळातला प्राणी जिवंत ठेवलेला नसतो.

ठिकाणांचा इतिहास तर खास मराठवाड्याचा आहे. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातल्या कुठल्याही निसर्गसंग्रहाच्या चिठ्ठीवर नुसते ‘हैदराबाद’ किंवा ‘हैदराबाद, दख्खन’ असेल, तर ते शहर की संस्थान हे चिठ्ठी सांगत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडमध्ये आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर बीदरमधून उस्मानाबादेत आले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेले. १९८१ मध्ये जालना, १९९९ मध्ये हिंगोली वेगळे झाले. २०२३ पासून औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे जिल्हे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव म्हणून लिहिले जातात. उदगीरच्या किल्ल्यावरचा एक दगड न हलता तीन जिल्ह्यांत राहून आला आहे.

म्हणून नकाशावर बिंदू टाकताना जुनी चिठ्ठी दुरुस्त करायची नसते. ‘उदगीर, जि. बीदर’ असे लिहिले असेल तर ते अक्षरशः तसेच उतरवायचे आणि शेजारी आजचे तालुका-जिल्हा व अक्षांश-रेखांश वेगळ्या रकान्यांत भरायचे. नव्या नमुन्यांसाठी फोनवरचे अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत लिहिले तर साधारण दहा-अकरा मीटरची जागा ठरते. भिंत किंवा झाड पुन्हा सापडायला तेवढे पुरते.

अलीकडच्या वर्षांत वातावरण बदलले ते बाहेरच्या बातम्यांमुळे. २०२० मध्ये बेंगळुरूतल्या एका भिंतीवरच्या शेवाळातले जलअस्वल अतिनील प्रकाशापासून स्वतःला वाचवते असे दाखवले गेले. त्या निबंधात त्याला जातीचे नाव दिलेले नव्हते. पॅरामॅक्रोबायोटस एवढीच प्रजाती आणि पुढे वाणाची खूण. २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीराबरोबर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेला तो हाच वाण. नावाचा दुसरा भाग रिकामा ठेवूनही इतके भक्कम काम होऊ शकते, हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. २०२१ मध्ये केरळच्या किनाऱ्यावरून स्टायगार्क्टस केरलेन्सिस आणि त्यानंतर तमिळनाडूतल्या मंडपमच्या वाळूतून बॅटिलिपेस चांद्रयानी यांची वर्णने आली. त्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांतही गाजल्या आणि इथल्या विद्यार्थ्यांना ‘आपल्याकडेही नवी जाती सापडेल’ असे वाटू लागले. हे दोन्ही समुद्री वाळूतले प्राणी. आपल्याला समुद्र नाही. आपला प्राणी शेवाळातला, दगडफुलातला, झाडाखालच्या कुजलेल्या पाल्यातला आहे आणि त्याच्यासाठी जागा भरपूर आहेत.

काळ्या पाषाणाच्या गढ्या, बारवांच्या सावलीतल्या पायऱ्या, आमराईतल्या जुन्या खोडांची साल, गौताळ्याची झाडी, बालाघाटच्या रांगा. आठ-आठ महिने कोरडे राहणारे आणि पावसाच्या पहिल्या सरीने हिरवे होणारे शेवाळ या प्राण्यांना चालते, कारण ते सुकून पडून राहू शकतात. म्हणून नमुना उन्हाळ्यातही घेता येतो. तो कागदी पाकिटात ठेवावा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. अजिंठा, वेरूळ, देवगिरीसारख्या संरक्षित वास्तूंच्या दगडांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही. गावातल्या बारवांची साफसफाई होते तेव्हा शेवाळ खरवडून फेकले जाते. त्याआधी मूठभर पाकिटात भरून तारीख टाकली तर कोणाचेच काही जात नाही. महाविद्यालयांच्या वनस्पतिसंग्रहांत चिकटवलेली वाळकी शेवाळेही तपासण्यासारखी आहेत. त्यांत जलअस्वले आणि अंडी टिकून राहतात आणि चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आधीच लिहिलेली असते.

खरोखर नवी जाती वाटलीच, तर जैवविविधता कायदा, २००२ मधले कलम ३९ लागू होते. नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संग्रहाला कळवावी लागते आणि प्रमाण नमुना तिथे जमा करावा लागतो. जलअस्वलाच्या बाबतीत हा नमुना म्हणजे नखपॉलिशने कडा बंद केलेली एक काचपट्टी, आणि कडा नीट बंद नसेल तर आतले माध्यम काही वर्षांत आटून प्राणी दिसेनासा होतो.