आठपट तांदळाला आठपट पाणी लागत नाही

पाककृतींच्या ॲपवर हल्ली एक बटण असतं. माणसं किती ते टाकलं की सगळं साहित्य गुणून मिळतं. गुणाकार अचूक असतो, तरी मोठ्या पातेल्यातल्या भाताचा गिचगोळा होतो आणि मग "तिच्या हाताला चव नाही" असा निकाल लागतो. हातगुण वगैरे काही नसतं. नियम चुकीच्या जागी लावलेला असतो, एवढंच.

तो नियम म्हणजे शाळेतलं त्रैराशिक. आर्यभटाने ते इ.स. 499 च्या सुमारास सांगितलं: फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. चार जणांना 300 ग्रॅम पीठ लागत असेल तर दहा जणांना 300 × 10 ÷ 4 = 750 ग्रॅम; इथे 300 हे फल, 10 ही इच्छा आणि 4 हे प्रमाण. पीठ, साखर, लोणी यांना हा नियम डोळे मिटून लावावा.

पाण्याचं मात्र तसं नाही. एक वाटी तांदूळ आणि दोन वाट्या पाणी हे माप घ्या. तांदूळ शिजताना साधारण आपल्या मापाइतकंच पाणी शोषतो, म्हणजे एक वाटी. दुसरी वाटी वाफ होऊन जाते. म्हणजे या दोन वाट्यांतली एक तांदळाची आणि एक पातेल्याची! तांदळाची वाटी तांदळाबरोबर वाढेल. वाफेचं पाणी मात्र पाण्याचा उघडा पृष्ठभाग, शिजण्याचा वेळ, आच आणि झाकण यांवर ठरतं.

आता त्याच आकाराचं, पण लांबी-रुंदी-उंची सगळंच दुप्पट असलेलं पातेलं घ्या. त्यात आठपट तांदूळ मावतो, कारण घनफळ 2 × 2 × 2 ने वाढतं. पृष्ठभाग मात्र 2 × 2, म्हणजे चौपटच. वेळ तेवढाच धरला तर शोषायला आठ आणि वाफेला चार, मिळून बारा वाट्या पाणी पुरतं. ॲप सोळा सांगतं. त्या जादा चार वाट्या जातील कुठे? सूत्रात मांडायचं तर साहित्य n पट केल्यावर पाणी n + n^(2/3) वाट्या लागतं. पहिलं पद त्रैराशिकाचं, दुसरं (n च्या घनमूळाचा वर्ग) पृष्ठभागाचं. n जसजसा वाढतो तसतसा दुसऱ्या पदाचा वाटा घटत जातो. घट्ट बंद प्रेशर कुकरमध्ये वाफ फारशी बाहेर जात नाही, म्हणून तिथे हे दुसरं पद मुळातच लहान असतं.

मिठाचं कोडंही इथेच सुटतं. सूप आठपट केलं की ते तेवढं आटत नाही, म्हणून मीठ बरोबर आठपट घालूनही अळणी लागतं. उलट, अर्धं सूप त्याच पातेल्यात, तेवढाच वेळ उकळलं की खारट होतं. "दुप्पट पदार्थाला मीठ दीडपट" असले ठोकताळे त्यामुळे निरुपयोगी आहेत. उरलेल्या सुपाचं वजन करा आणि मीठ त्या हिशोबात घाला.

केकचा डबा 20 सेंटिमीटर व्यासाऐवजी 25 चा घेतला तर साहित्य सव्वापट करून भागत नाही. जाडी तीच राखायची तर क्षेत्रफळाचं गुणोत्तर घ्यायचं, 625 ÷ 400, म्हणजे दीडपटीहून थोडं जास्त. भाजायचा वेळ साधारण तोच राहतो. जाडी दुप्पट केली तर मात्र उष्णता मध्यापर्यंत पोचायला चौपटीच्या आसपास वेळ लागतो आणि तोवर कडा करपतात. हिशोबात दीड अंडं आलं, तर दोन फोडून फेटा, वजन करा आणि त्यातला पाऊण भाग घ्या.