सोनाली देसाईच्या मेलला उत्तर का आलं नाही?

‘मला पीएचडी करायची आहे आणि तुमच्या संशोधनात मला रस आहे. येत्या सोमवारी मी तुमच्या विद्यापीठात येणार आहे. दहा मिनिटं भेटता येईल का?’

अशा आशयाचा एक छोटा मेल अमेरिकेतल्या साडेसहा हजारांहून अधिक प्राध्यापकांना गेला. प्रत्येकाला एकच मेल आणि मजकूर सगळ्यांना जवळजवळ सारखा. बदलत होतं ते खालचं नाव, आणि भेटीचा दिवस, ज्याबद्दल पुढे. कुणाला ब्रॅड अँडरसनचा मेल आला, कुणाला क्लेअर स्मिथचा, कुणाला लमार वॉशिंग्टन, कीशा थॉमस, कार्लोस लोपेझ, मेई चेन किंवा दीपक पटेलचा. आणि काहींना सोनाली देसाईचा.

यातलं कुणीच खरं नव्हतं. कॅथरीन मिल्कमन, मोदुपे अकिनोला आणि डॉली चुघ या तीन संशोधिकांनी रचलेला हा प्रयोग होता. नाव वाचून विद्यार्थी गोरा, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी की भारतीय, तसंच मुलगा की मुलगी, हे कळतं ना, याची खात्री त्यांनी आधीच करून घेतली होती. कुठल्या प्राध्यापकाला कुठल्या नावाने मेल जाणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. ज्यांनी भेटीला होकार दिला त्यांना लगेच ‘येणं रद्द झालं’ असं कळवलं गेलं, म्हणजे कुणी वेळ राखून वाट पाहत बसू नये.

पुण्या-मुंबईहून, नागपूर-औरंगाबादहून अमेरिकेत पीएचडीसाठी अर्ज करणारी मुलं दरवर्षी असेच मेल लिहितात. अर्ज भरण्याआधी प्रोफेसरांना मेल टाकायचा, त्यांचे पेपर वाचल्याचं जमेल तसं दाखवायचं आणि उत्तराची वाट बघायची. नाही आलं, तर ‘बिझी असतील’ किंवा ‘माझं प्रोफाइलच कमी पडलं असेल’ अशी स्वतःची समजूत घालायची. प्रत्येक वेळी ही समजूत पटण्यासारखीच असते. प्राध्यापक खरोखरच बिझी असतात. म्हणूनच एका न आलेल्या उत्तरावरून काहीही सिद्ध होत नाही आणि म्हणूनच हजारो मेल पाठवावे लागतात. व्यस्त प्राध्यापक, विसराळू प्राध्यापक, परगावी गेलेले प्राध्यापक सगळ्या नावांच्या वाट्याला साधारण सारखेच येतात. तरीही फरक उरला, तर तो नावामुळे आहे असंच म्हणावं लागतं.

फरक उरला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पुढच्या आठवड्यातली भेट मागितली तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या नावांना भेट मिळण्याचं प्रमाण स्त्रिया आणि अल्पसंख्याकांच्या नावांपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त होतं. त्यांना उत्तरंही जास्त आली, आणि लवकर आली.

पण या प्रयोगातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे. निम्म्या मेलांमध्ये भेट पुढच्या आठवड्यातली नव्हती, त्याच दिवशीची होती. ‘मी आज तुमच्या विद्यापीठात आहे, दहा मिनिटं मिळतील का?’ या मेलांमध्ये नावाने पडणारा फरक जवळजवळ नाहीसा झाला.

तसेच प्राध्यापक, तीच नावं. मग एका आठवड्याने असं काय बदललं? मानसशास्त्राचं उत्तर असं आहे की जवळच्या गोष्टीचा विचार आपण व्यवहाराने करतो आणि लांबच्या गोष्टीचा तत्त्वाने. आजची भेट म्हटली की डोक्यात एकच प्रश्न येतो, ‘आज मला वेळ आहे का?’ त्याचं उत्तर डायरीत असतं. त्यात समोरच्याचं नाव शिरायला जागाच नसते. पुढच्या आठवड्याची डायरी मात्र मोकळी असते, त्यामुळे प्रश्न बदलतो: ‘या विद्यार्थ्याला भेटण्यात अर्थ आहे का? हा उद्याचा संशोधक वाटतो का?’ आणि ‘संशोधक कसा दिसतो’ याचं आपल्या मनात वर्षानुवर्षं बसलेलं चित्र त्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळं होतं. म्हणजे घाईत, कामाच्या दडपणाखाली माणूस चुकतो हा आपला नेहमीचा समज इथे उलटा पडला. इथे पूर्वग्रहाला वाव मिळाला तो सवडीमुळे.

२०१५ मध्ये याच आकड्यांचा दुसरा भाग प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २६० विद्यापीठं आणि ८९ विषय वेगवेगळे करून पाहिले होते. खासगी विद्यापीठांत भेदभाव सरकारी विद्यापीठांपेक्षा जास्त निघाला, आणि ज्या विषयांत पगार जास्त त्या विषयांतही जास्त. व्यवस्थापनशास्त्राची स्थिती सर्वांत वाईट होती. तिथे गोऱ्या पुरुषांच्या नावाने गेलेल्या ८७ टक्के मेलांना उत्तर आलं. स्त्रिया आणि अल्पसंख्याक एकत्र धरले तर ६२ टक्के. उलटी दिशा दिसली ती फक्त ललित कलांमध्ये. आशियाई विद्यार्थी अभ्यासात हुशार असतात हा अमेरिकेतला लाडका समज, पण तोही चिनी आणि भारतीय नावांना वाचवू शकला नाही. संशोधिकांना स्वतःलाच याचं नवल वाटलं.

स्त्री प्राध्यापकांनी मुलींना झुकतं माप दिलं असेल, असं आपल्याला वाटतं. तसं घडलं नाही. कृष्णवर्णीय प्राध्यापकांकडून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनाही जास्त उत्तरं आली नाहीत. अपवाद एकच होता, चिनी प्राध्यापकांनी चिनी विद्यार्थ्यांना दिलेली उत्तरं. ज्या विभागांत स्त्रिया आणि अल्पसंख्याक प्राध्यापक जास्त, तिथेही चित्र फारसं सुधारलेलं नव्हतं. ‘आपली माणसं आत गेली की आपोआप दारं उघडतील’ या भरवशावर बसलेल्यांनी हा निष्कर्ष नीट वाचायला हवा. पूर्वग्रह एखाद्या गटाच्या मालकीचा नसतो. ज्या समाजात आपण वाढतो त्याची चित्रं सगळ्यांच्याच डोक्यात उतरतात. ती ज्यांच्याविरुद्ध जातात, त्यांच्याही.

कोरीन मॉस-रॅकुसिन आणि त्यांच्या येल विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी हेच दुसऱ्या वाटेने दाखवलं होतं. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या १२७ प्राध्यापकांना त्यांनी प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी आलेला एक अर्ज वाचायला दिला. अर्ज एकच, पण निम्म्यांच्या प्रतीवर नाव होतं जॉन आणि निम्म्यांच्या प्रतीवर जेनिफर. उमेदवार मुद्दाम मध्यम दर्जाचा रंगवला होता. जॉन जास्त सक्षम ठरला, नेमणुकीला जास्त योग्य ठरला आणि त्याला मार्गदर्शन करायलाही प्राध्यापक जास्त राजी होते. पगार सुचवा म्हटल्यावर जॉनला वर्षाला सरासरी ३०,२३८ डॉलर सुचवले गेले, जेनिफरला २६,५०८. हा अभ्यास २०१२चा आहे, आणि त्यातही प्राध्यापिकांनी जेनिफरला प्राध्यापकांइतकंच कमी लेखलं. ‘मुलगी आवडली नाही’ असं मात्र कुणी म्हटलं नव्हतं. उलट जेनिफर स्वभावाने जास्त आवडली होती. ती चांगली वाटली, पण तिला हे जमेल असं वाटलं नाही.

जुन्या काळी हे तोंडावर सांगितलं जाई. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष पारखून घेऊ अशा अपमानास्पद अटीवर त्यांना घेतलं गेलं, आणि पुढे त्या केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आल्या. त्यांना झगडता आलं, कारण नकार समोर होता आणि त्याचं कारणही. न आलेल्या मेलशी कुणी कसं झगडायचं? तक्रार करायची तर ती कुणाविरुद्ध? प्रयोगातल्या एकाही प्राध्यापकावर बोट ठेवता येत नाही, कारण प्रत्येकाला एकच मेल आलेला होता. दोष दिसतो तो फक्त बेरजेत.

ही बेरीज बाहेर काढायला कधीकधी कोर्टाची पायरी चढावी लागते. स्वीडनमध्ये तसं झालं. १९९५ मध्ये तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे पीएचडीनंतरच्या फेलोशिपसाठी ११४ अर्ज आले, ६२ पुरुषांचे आणि ५२ स्त्रियांचे. फेलोशिप २० होत्या. १६ पुरुषांना मिळाल्या, ४ स्त्रियांना. स्त्री-पुरुष समानतेत जगात अव्वल म्हणून संयुक्त राष्ट्रांनी गौरवलेला देश तो हाच. क्रिस्टीन वेनेरोस आणि आग्नेस वोल्ड या दोन संशोधिकांनी परीक्षकांनी दिलेले गुण मागितले. परिषदेने नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि ही गुणपत्रकं सार्वजनिक कागदपत्रं आहेत, असा निकाल मिळाला.

मग दोघींनी प्रत्येक अर्जदाराचे शोधनिबंध मोजले, ते कुठल्या नियतकालिकात आले, त्यांचा इतरांनी किती आधार घेतला हे पाहिलं, आणि ती कमाई परीक्षकांच्या गुणांशेजारी मांडली. ‘वैज्ञानिक क्षमता’ या रकान्यात पुरुषांइतके गुण मिळवायला स्त्रीला सरासरी पुरुषापेक्षा अडीच पट काम दाखवावं लागत होतं. शोधनिबंधांच्या भाषेत सांगायचं तर ‘नेचर’ किंवा ‘सायन्स’मध्ये आणखी तीन निबंध, नाहीतर आपल्या विषयाच्या उत्तम नियतकालिकात वीस. सगळ्यात जास्त काम केलेल्या स्त्रियांना मिळालेले गुण सगळ्यात कमी काम केलेल्या पुरुषांइतके होते. हे १९९७ मध्ये ‘नेचर’मध्येच छापून आलं आणि गहजब झाला.

त्यात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे मात्र कमी लोकांचं लक्ष गेलं. परीक्षक मंडळात ओळखीचं कुणी असलं की अर्जदाराचे गुण वाढत. ओळखीचा परीक्षक नियमाप्रमाणे बाजूला बसे, पण बाकीचे परीक्षक त्याची ‘भरपाई’ करत. काही वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी त्याच परिषदेचे नवे गुण तपासले, तेव्हा स्त्रियांवरचा अन्याय दिसला नाही, उलट त्यांना किंचित झुकतं माप होतं. ओळखीचा फायदा मात्र तसाच होता. ज्याची बोंब झाली ते सुधारलं आणि ज्याकडे दुर्लक्ष झालं ते राहिलं, असाच मी याचा अर्थ लावते.

सगळे पुरावे एकाच दिशेला जातात असं नाही, आणि ते झाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या वेंडी विल्यम्स आणि स्टीफन सीसी यांनी प्राध्यापकपदाच्या काल्पनिक उमेदवारांबद्दल मत विचारलं, तेव्हा प्राध्यापकांनी स्त्री उमेदवारांना दोनास एक या प्रमाणात पसंती दिली. त्यावर वाद झाला, अजूनही होतो. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष एकत्र खरे असू शकतात. विल्यम्स-सीसींचे उमेदवार शेवटच्या यादीत पोचलेले, उत्कृष्ट शेरे मिळालेले होते. तिथे शंकेला जागा नव्हती. जेनिफर मध्यम होती आणि सोनालीबद्दल तर काहीच माहीत नव्हतं. माहिती जितकी कमी, तितकी ती भरून काढायला मनातली चित्रं पुढे येतात. आणि विद्यापीठात शिरणारं प्रत्येक माणूस सुरुवातीला असंच अनोळखी असतं. शेवटच्या यादीत कोण पोचणार, हे दहा-दहा मिनिटांच्या असल्या भेटीच ठरवत असतात. वंशाच्या बाबतीत तर दिलासा देणारे पुरावे आणखी कमी आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडे आलेल्या निधीच्या अर्जांचा २०११ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा शिक्षण, अनुभव, निबंध हे सगळं जमेस धरूनही कृष्णवर्णीय संशोधकांना निधी मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा सुमारे दहा टक्के-बिंदूंनी कमी होती.

यावर प्राध्यापकांना व्याख्यानं देऊन किती फरक पडेल, याबद्दल मला शंका आहे. हबल दुर्बिणीच्या लोकांनी वेगळा मार्ग धरला. हबलवर निरीक्षणाचा वेळ मिळावा म्हणून जगभरातले खगोलशास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवतात आणि मंजूर होतात थोडेच. पंधराहून अधिक फेऱ्यांत स्त्रियांच्या प्रस्तावांना पुरुषांच्या प्रस्तावांपेक्षा कमी यश मिळालं होतं. २०१८ मध्ये त्यांनी नावं पूर्ण काढून टाकली. अर्जदारांनाही ‘आमच्या आधीच्या कामात’ अशी ओळख पटवणारी भाषा टाळायला सांगितली. त्या फेरीत ४८९ प्रस्ताव आले. स्त्रियांच्या १३८ पैकी १२ मंजूर झाले, म्हणजे ८.७ टक्के, पुरुषांच्या ३५१ पैकी २८, म्हणजे ८ टक्के. आकडे लहान आहेत, एका फेरीवरून फार उड्या मारू नयेत. पण नासाला हा प्रकार इतका पटला की पुढे इतर मोहिमांच्या निवडीतही तो आणला गेला.

तोंडी परीक्षेत मात्र नाव झाकता येत नाही. आपल्या देशात आडनाव जातही सांगतं, त्यामुळे हा प्रश्न इथे जास्त टोकदार आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अब्दुल नाफे समितीने प्रवेशाचे लेखी आणि तोंडी गुण शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा सामाजिक गटांप्रमाणे दोन्हींतल्या गुणांत भेदभाव सूचित करणारा फरक दिसला. तोंडी परीक्षेचे गुण ३० वरून १५ वर आणावेत, अशी शिफारस समितीने २०१६ मध्ये केली. हे करायला समितीला ना बनावट मेल पाठवावे लागले, ना कोर्टात जावं लागलं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या पीएचडी प्रवेशाचे लेखी आणि तोंडी गुण असेच त्यांच्या दफ्तरात पडून आहेत. ते वर्षानुवर्षांचे, नावं काढून, प्रवर्ग आणि लिंगानुसार जाहीर करायला एक परिपत्रक पुरेसं आहे, आणि ते काढण्याची मागणी विद्यार्थ्यांआधी प्राध्यापकांनी करायला हवी.