पाचवी डिस्क जोडताना सर्व्हरच्या आत काय घडते

सर्व्हरमधील जागा संपत आली की आणखी एक हार्ड डिस्क बसवावी, हा उपाय सर्वांनाच प्रथम सुचतो आणि तो चुकीचाही नाही. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या टॉवेल कारखान्याचे उदाहरण घेऊ. जॅकार्ड मागांवरच्या नक्ष्यांच्या फायली, निर्यातीची कागदपत्रे आणि सीसीटीव्हीचे चित्रण अशी सर्व सामग्री 4 टेराबाइटच्या चार डिस्कांवर रेड 5 पद्धतीने, म्हणजे डिस्का एकत्र बांधून आणि बिघाडाच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून एका डिस्कएवढी जागा राखून, ठेवलेली आहे असे धरले, तर वापरण्याजोगी जागा 12 टेराबाइट मिळते. तेवढ्याच क्षमतेची पाचवी डिस्क जोडली की ती 16 टेराबाइट होते. हिशेब सोपा आहे. परंतु चादरीची रुंदी वाढवायची असेल तर तयार चादरीला कापड जोडून भागत नाही, ताण्यातच धागे वाढवून ती पुन्हा विणावी लागते, आणि इथेही साठवलेली सगळी माहिती पुन्हा मांडावी लागते.

अनेक स्वस्त डिस्का एकत्र बांधून त्यांच्याकडून एका महागड्या डिस्कचे काम करून घ्यावे, ही कल्पना बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रॅंडी काट्झ यांनी 1988 मधील एका शोधनिबंधात पद्धतशीरपणे मांडली आणि तिला ‘रेड’ हे नाव दिले. डिस्का वाढल्या की त्यांतील एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते, म्हणून माहितीबरोबर थोडी जादा माहिती, म्हणजे पॅरिटी, साठवली जाते. पहिल्या तीन डिस्कांवर एकाच जागी 1, 0 आणि 1 असे बिट असतील, तर चौथीवर असा बिट लिहितात की ओळीतील 1 ची एकूण संख्या सम राहावी. इथे तो 0 येतो. पुढे दुसरी डिस्क निकामी झाली, तर उरलेल्या 1, 1 आणि 0 यांवरून हरवलेला बिट 0 होता हे काढता येते. एवढ्या साध्या गणितावर हे सारे उभे आहे.

या गणितात एक मौज आहे. नवी डिस्क संपूर्णपणे शून्यांनी भरलेली असेल, तर ती ओळीत उभी केल्याने 1 ची संख्या बदलत नाही, म्हणजेच आधीची पॅरिटी जशीच्या तशी बरोबर राहते. पॅरिटीसाठी एक स्वतंत्र डिस्क राखून ठेवणाऱ्या काही प्रणालींत याच गुणाचा उपयोग करून नवी डिस्क, ती एकदा शून्यांनी भरून झाली की, तत्काळ सामील करून घेता येते. रेड 5 मध्ये मात्र ही सोय नाही. प्रत्येक लेखनाच्या वेळी पॅरिटीही बदलावी लागत असल्याने एकाच डिस्कवर भार पडू नये म्हणून तिथे पॅरिटी आळीपाळीने सर्व डिस्कांवर फिरवली जाते, आणि माहितीचे ठोकळेही क्रमाने आडव्या पट्ट्यांत मांडलेले असतात. चार डिस्कांच्या पट्ट्यात माहितीचे तीन ठोकळे बसतात, पाच डिस्कांच्या पट्ट्यात चार. त्यामुळे पहिल्या पट्ट्यापासून प्रत्येक ठोकळ्याचा पत्ता बदलत जातो.

ही फेरमांडणी चालू यंत्रावर, लोक फायली उघडत असतानाच होते, आणि तिची सुरुवात सर्वांत नाजूक असते. नव्या पहिल्या पट्ट्यात 1 ते 4 हे ठोकळे हवेत, आणि तो लिहिला जातो तो जुन्या पहिल्या पट्ट्याच्याच जागी. लेखन अर्धवट असताना वीज गेली, तर जुनी मांडणीही धड राहत नाही आणि नवीही पूर्ण झालेली नसते. पुढे मात्र वाचन लेखनाच्या पुढे धावू लागते: नवा 300 वा पट्टा लिहिताना त्यातले ठोकळे जुन्या 400 व्या पट्ट्याच्या आसपासून उचललेले असतात, म्हणजे जे पुसले जाते त्याची प्रत आधीच सुरक्षित झालेली असते. सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या लिनक्स या कार्यप्रणालीत रेड 5 वाढवण्याची ही सोय 2006 साली 2.6.17 या आवृत्तीत आली. सुरुवातीच्या धोक्याच्या भागाची प्रत नव्या डिस्कच्या मोकळ्या जागेत किंवा वेगळ्या फायलीत ठेवली जाते आणि काम कुठवर आले याची नोंद डिस्कांवरच होत राहते, म्हणून मध्येच बंद पडलेले काम तिथूनच पुढे सुरू करता येते.

वेळ किती लागतो, हे डिस्कांच्या गतीवर आणि त्या वेळी चालू असलेल्या इतर कामांवर अवलंबून असते. प्रत्येक डिस्कवर सेकंदाला 40 मेगाबाइट हा वेग टिकला, तर 4 टेराबाइटसाठी सुमारे 28 तास होतात. एवढा काळ सर्व डिस्का अखंड वाचत आणि लिहीत असतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा वारंवार 40 अंशांपलीकडे जातो, आणि बंद कपाटातील डिस्का खोलीपेक्षा बऱ्याच जास्त तापतात. अनेक डिस्कांची कमाल मर्यादा 60 अंश असते, हे लक्षात घेतले तर असे काम हिवाळ्यात किंवा वातानुकूलित खोलीत करणे शहाणपणाचे ठरते. यूपीएस हवाच, कारण नोंदींच्या जोरावर काम पुन्हा सुरू होत असले तरी झटक्यासरशी बंद पडणे डिस्कच्या प्रकृतीला मानवत नाही.

खरा धोका अन्यत्र आहे. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात बहुधा असे लिहिलेले असते की वाचलेल्या 100 लाख कोटी बिटांमागे, म्हणजे 12.5 टेराबाइटमागे, जास्तीत जास्त एक वाचता न येणारी जागा निघू शकते. ही वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात डिस्का बहुधा याहून बऱ्या वागतात. तरीही चार डिस्कांपैकी एक गेल्यावर तिची माहिती नव्याने उभी करण्यासाठी 12 टेराबाइट वाचावे लागत होते, ते पाच डिस्कांत 16 होतात, आणि त्या वेळी राखीव आधार काहीच उरलेला नसतो. जागा वाढते तशी जोखीमही वाढते. म्हणून माझ्या मते पाचवी डिस्क हाती असताना रेड 5 ची जागा वाढवण्यापेक्षा दुहेरी पॅरिटीचे रेड 6 स्वीकारणे अधिक शहाणपणाचे: जागा 12 टेराबाइटच राहते, पण एकाच वेळी दोन डिस्का गेल्या तरी माहिती टिकते. जागाच हवी असेल, तर वाढवण्यापूर्वी जुन्या डिस्कांची संपूर्ण वाचन-तपासणी आणि नव्या डिस्कची दीर्घ चाचणी करावी, आणि सर्व फायलींची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवून ती उघडते याची खात्री करावी. चुकून पुसलेली फाइल रेड परत देत नाही. पुसणेही ते सर्व डिस्कांवर इमानदारीने करते.

फेरमांडणी संपली तरी संगणकावर जागा वाढलेली दिसत नाही, आणि इथे अनेकांचा जीव टांगणीला लागतो. फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, अजून जुन्या सीमेतच असते. तिला स्वतंत्र आज्ञेने वाढवावे लागते. ईएक्सटी 4 आणि एक्सएफएस या लिनक्सवरील दोन्ही फाइल सिस्टीम चालू असताना वाढवता येतात. डिस्कांची बांधणीही स्वतःच सांभाळणारी झेडएफएस ही फाइल सिस्टीम वापरणाऱ्यांना पॅरिटी असलेल्या डिस्कांच्या गटात एकेक डिस्क वाढवण्याची सोय जानेवारी 2025 मधील ओपनझेडएफएस 2.3 पासून मिळाली. तिथे जुनी माहिती जुन्याच प्रमाणातील पॅरिटीसह राहते आणि फाइल नव्याने लिहिली गेली तरच नव्या प्रमाणाचा लाभ होतो, त्यामुळे वाढलेली जागा अपेक्षेपेक्षा कमी भरते. उलट दिशेचा विचार मात्र आधीच करावा लागतो: पाचवी डिस्क पुन्हा काढून घ्यायची झाली, तर आधी फाइल सिस्टीम लहान करावी लागते. ईएक्सटी 4 ती बंद ठेवून लहान करता येते, पण एक्सएफएसची वाढवलेली जागा परत घेण्याची व्यवहार्य सोय नसल्याने सर्व माहिती बाहेर काढून मांडणी नव्याने करणे एवढाच मार्ग उरतो.