टायर मोठा टाकला की स्पीडोमीटरचा काटा जास्त दाखवतो? उलटंच आहे

रावेर-सावद्याकडून केळी भरून निघणाऱ्या गाड्यांवर, धुळ्याच्या ढाब्यांवर एक समज पक्का आहे: मागे मोठे टायर टाकले की काटा जास्त पळतो, गाडी प्रत्यक्षात हळूच असते. हे चूक आहे, आणि चूकही धोक्याच्या बाजूची.

स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही. बहुतेक ट्रकमध्ये गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला बसवलेला सेन्सर शाफ्टचे फेरे मोजतो आणि कंपनीने धरलेल्या टायरच्या घेरावरून वेग काढतो. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते. मीटरला त्याचा पत्ताच नसतो. 9.00-20 मापाच्या टायरचा व्यास साधारण 1018 मिमी, 10.00-20 मापाच्या टायरचा 1050च्या वर. म्हणजे तीनेक टक्क्यांचा फरक. काटा 60 वर असेल तर गाडी 62 ने चाललेली असते. 80 ला लॉक केलेला स्पीड गव्हर्नर (ठरावीक वेगापुढे गाडी जाऊ न देणारं यंत्र) त्याच सेन्सरवर चालत असेल, तर तोही 82-83 पर्यंत गाडी जाऊ देतो.

मीटरवर किलोमीटरही कमी पडतात. हजार किलोमीटरच्या फेरीत तीस-पस्तीस गायब, मग मालक म्हणतो, 'ॲव्हरेज पडलं, डिझेल कुठे गेलं?' बिचारा ड्रायव्हर!

घासलेल्या टायरचं मात्र उलट: व्यास घटतो, काटा थोडा जास्त दाखवतो. पुढचे टायर बदलून अशा मीटरवर काहीच होत नाही, कारण शाफ्ट फिरतो मागच्या चाकांबरोबर. मोबाइलच्या जीपीएसशी सपाट, सरळ रस्त्यावर ताडून पाहा. फरक दिसला तर मीटर नव्या टायरप्रमाणे सेट करून घ्या.