समाजमाध्यम-साक्षरता, शालेय

आलेला मजकूर पारखून घेणे, स्वतःची व दुसऱ्याची खाजगी माहिती जपणे आणि त्रास झाला तर वेळीच मोठ्या माणसाला सांगणे, हे विद्यार्थ्यांना शिकवण्याचा शालेय उपक्रम. मुंबईतील मराठी शाळांत तो परिपाठ, संगणकाचा तास किंवा पालकसभेत घेता येतो.

इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे. मात्र चाळीतल्या एका खोलीच्या घरात फोन बहुधा आईचा असतो आणि पाचवीतल्या मुलाच्या वर्गाचा गट त्याच फोनवर चालतो. म्हणून आठवीपर्यंत थांबणे परवडत नाही.

अफवेचा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन घेतला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध माणसांना ठार केले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. ‘काळजीपोटी पाठवला’ म्हणणाऱ्या मुलाला ही घटना जरूर सांगावी.

खाजगीपणा नुसता सांगून कळत नाही, दाखवावा लागतो. शिक्षकाने एक काल्पनिक फोटो फळ्यावर काढावा: गणवेशातली मुलगी, गळ्यात ओळखपत्र, मागे इमारतीची पाटी, बाजूला बसथांब्यावरचा बस क्रमांक. अनोळखी माणसाला यातून काय काय कळेल, हे मुलांनीच शोधावे. शाळा, नाव, इयत्ता, राहण्याची जागा, घरी जायची वाट. यादी वाढत जाते तसा वर्ग गंभीर होतो.

अल्पवयीन मुलांची अश्लील चित्रे पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, हेही स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. मदतीसाठी बालकांकरिता १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक आहेत. धमकीचा संदेश आला तर तो पुसण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा, मग पाठवणाऱ्याला ब्लॉक करावे.

सर्वांत अवघड भाग पालकांचा. ‘सांगितलं तर फोन काढून घेतील’ या भीतीने मुले महिनोन्महिने गप्प बसतात आणि धमकावणाऱ्याला तेच हवे असते. म्हणून पालकसभेत पहिली विनंती हीच करावी, की मूल रडत फोन पुढे करील तेव्हा फोन हिसकावू नका; आधी त्याला जवळ बसवा आणि त्याचे पूर्ण ऐकून घ्या.